परत आलात ते तुम्ही. मुलं पहिल्यांदाच आली आहेत

सलाम ताई,

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तो आधी थोडक्यात मांडते. तुम्ही दोघं अकरा वर्षं केनियाच्या पश्चिम भागात, किसुमूच्या जवळ मिशनच्या कामावर होतात. तुम्ही दवाखान्यात परिचारिका आणि तुमचे यजमान पाळकांना शिकवणाऱ्या शाळेत. सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पाच आठवड्यांत सगळं आवरून तुम्ही नगरला सासरच्या घरी आलात. त्याला आता आठ महिने झाले. मुलगी पंधरा वर्षांची आहे, केनियाला निघताना ती तीन वर्षांची होती. मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि तो तिथेच जन्मला. मुलगी शाळेतून आली की खोलीचं दार लावून घेते आणि जेवताना विचारते, “आपण घरी कधी जायचं?” त्यावर सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी येतं. मुलाच्या मराठीला वर्गात हसतात आणि तो मारामारी करून घरी येतो. यजमान देवळात शेवटच्या बाकावर बसतात. आणि एका लग्नात उष्ट्या ताटांचा ढीग पाहून तुम्ही मांडवातून उठून आलात. तुम्ही विचारलंय: आम्ही कृतघ्न झालोय का? हे किती दिवस चालणार? आणि परत जावं का?

कृतघ्न तुम्ही नाही. हे आधी सांगते, कारण बाकीचं वाचताना ते मनात टोचत राहायला नको.

मी पुण्यात समुपदेशक म्हणून बावीस वर्षं काम करते. आखातातून, अमेरिकेतून आणि सेवेवरून परतलेली कुटुंबं माझ्याकडे येतात. शिवाय माझे आईवडील नेपाळमधल्या एका मिशनच्या दवाखान्यात होते. मी बाराव्या वर्षी मिरजेला ‘परत’ आले. त्या शब्दाला मी अवतरणचिन्हं घातली आहेत, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ मला तिथेच दिसतं.

तुम्ही आणि तुमचे यजमान परत आलात. तुमच्या मनात नगर होतं. चांदबीबीचा महाल, नाताळच्या आधी घरोघर होणाऱ्या करंज्या, कापडबाजारातली गर्दी. तुम्ही ते अकरा वर्षं जपलंत. आता समोर जे नगर आहे ते तसं नाही आणि तुम्हीही तशा राहिलेल्या नाहीत, म्हणून तुम्हाला त्रास होतो. तुमच्या मुलांचं तसं नाही. मुलगी तीन वर्षांची असताना गेली, म्हणजे तिच्या आठवणीत नगर जवळपास नाहीच. मुलाचा तर जन्मच तिकडचा. ही मुलं परत आलेली नाहीत. ती आईवडिलांच्या गावी पहिल्यांदाच राहायला आली आहेत, आणि आल्या दिवसापासून सगळे त्यांना सांगताहेत की आता तुम्ही घरी आलात, खूश व्हा. परक्या गावी गेलेल्या मुलाला लोक सांभाळून घेतात, रस्ता दाखवतात, चुकलं तर हसून सोडून देतात. ‘आपल्याच’ मुलाला ती सवलत कुणी देत नाही. त्याला मराठी नीट यायलाच हवं, आत्याला ओळखायलाच हवं, भाकरी मोडता यायलाच हवी.

त्यामुळे पहिलं काम घरातल्या भाषेचं आहे. “परत आलो”, “आपल्या देशात आलो”, “आता तरी नीट बस्तान बसेल” ही वाक्यं मुलांपुरती बंद करा. मुलीने “घरी कधी जायचं” म्हटलं की “हेच आपलं घर” असं उत्तर देऊ नका. ती पत्ता विचारत नाहीये, तिला कशाची तरी आठवण येतेय. “तुला आत्ता तिथलं काय आठवलं?” एवढंच विचारा. आणि सासूबाईंना एकदा बाजूला बसवून सांगा, की पोरीला तुमचा कंटाळा आलेला नाही, तिचं गाव सुटलंय. सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांचंही माहेर सुटलंच होतं. मी अशा आज्यांशी बोलले आहे. माहेराचं नाव काढलं की त्यांना नातीचं दुःख लगेच समजतं.

तुमच्या मुलांसारख्या मुलांना एक नाव आहे: ‘तिसऱ्या संस्कृतीतली मुलं’. ते रूथ उसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी दिलं. १९५०च्या दशकात त्या पतीसोबत भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करत होत्या. त्यांत सरकारी अधिकारी होते, व्यापारी होते, मिशनरीही होते. आईवडिलांची एक संस्कृती, राहत्या जागेची दुसरी, आणि या दोन्हींच्या मध्ये वाढलेल्यांची तिसरी. तेव्हा आपण ‘राहती जागा’ होतो. आता आपल्याकडची कुटुंबं बाहेर जाऊन परत येतात, आणि तोच प्रश्न उलट्या दिशेने आपल्या घरात येतो.

नगरच्या लोकांना तर हे नवं नसावं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ पासून नगरला राहिले आणि त्यांची मुलं तिथे लहानाची मोठी झाली. ज्या ह्यूमसाहेबांचं नाव तुम्ही लहानपणापासून ऐकलं असेल, ते रॉबर्ट ॲलन ह्यूम १८४७ मध्ये मुंबईत जन्मले, लहानपणीच अमेरिकेला गेले, येलमध्ये शिकले आणि १८७४ मध्ये नगरला आले. आता त्यांचं ‘परत जाणं’ कोणतं म्हणायचं? लहानपणीचं अमेरिकेला जाणं, की मोठेपणी नगरला येणं?

केनियाशी जोडलेली एक गोष्ट तर आपल्या नाशिकची आहे. ती तुमच्या मुलीला जरूर सांगा. एकोणिसाव्या शतकात गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईला आणली जात. त्यांतली बरीच नाशिकजवळ शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रयात वाढली, तिथे लिहायला-वाचायला आणि कारागिरी शिकली. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा आफ्रिकेत मरण पावलेल्या लिव्हिंग्स्टन या प्रसिद्ध मिशनरी प्रवाशाच्या शवपेटीसोबत थेट इंग्लंडपर्यंत गेला. ते साल होतं १८७४. त्याच सुमारास शरणपूरच्या अनेकांना मोंबासाजवळच्या नव्या वसाहतीत पाठवण्यात आलं. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिचं नाव फ्रिअरटाउन पडलं. पाठवणाऱ्यांच्या मते ते आपल्या खंडात, आपल्या लोकांत परत चालले होते. तिथे पोचल्यावर त्यांना नाव मिळालं ‘बॉम्बे आफ्रिकन’. नाशिकला ते आफ्रिकेचे होते आणि मोंबासाला मुंबईचे झाले. दीडशे वर्षांपूर्वी नाशिकहून केनियाला गेलेल्या त्या मुलांना जे वाटलं असेल, त्याच्या जवळचं काहीतरी केनियाहून नगरला आलेल्या तुमच्या मुलीला वाटतंय. आपल्यासारखं आधी कुणाला तरी झालंय, एवढं कळण्यानेही त्या वयात बराच धीर येतो.

आता किती दिवस, हा प्रश्न. १९६३ मध्ये गलाहॉर्न या संशोधक दांपत्याने परतणाऱ्या माणसाच्या मनाचा आलेख इंग्रजी ‘डब्ल्यू’सारखा असतो असं मांडलं. परदेशी गेल्यावर एक खड्डा आणि मायदेशी आल्यावर दुसरा. दुसऱ्याची तयारी कुणी केलेली नसते. माझ्या अनुभवात तो आलेख इतका रेखीव नसतो. सर्वांत अवघड काळ बहुतेकदा सहाव्या महिन्यापासून वर्ष पुरं होईपर्यंतचा असतो, कारण तोवर भेटीगाठी, स्वागतं, कौतुक सगळं संपलेलं असतं. तुम्ही नेमक्या तिथेच आहात. दोन वर्षांच्या आसपास बहुतेक कुटुंबं म्हणतात की आता श्वास मोकळा झाला. किशोरवयीन मुलांना याहून जास्त लागू शकतं. आणि घरातले चौघं एकाच वेळी एकाच जागी नसतात, हे लक्षात ठेवा. तुम्ही चिडलेल्या असता तेव्हा यजमान गप्प असतात आणि ते बोलायला लागतात तेव्हा तुम्ही दमलेल्या असता. याला संसार बिघडणं म्हणत नाहीत.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. सासऱ्यांची तब्येत किती सुधारेल, सासरच्या घरात तुम्हाला स्वतंत्र खोली आहे का, ज्यांनी पाठवलं त्यांच्याशी संबंध कसे आहेत, हातात किती महिन्यांचा खर्च आहे. पण एक गोष्ट तुमच्या लिहिण्यात स्वच्छ दिसते. तुम्ही पाच आठवड्यांत निघालात, म्हणजे निरोप अर्धा राहिला.

मिशनरी कुटुंबांच्या मुलांबरोबर आयुष्यभर काम केलेले डेव्हिड पोलॉक निघण्याआधी चार कामं सांगत: ज्यांच्याशी बिनसलंय त्यांच्याशी समेट करा, ज्यांचं देणं लागतो त्यांना ते बोलून दाखवा, माणसांचा आणि जागांचाही नीट निरोप घ्या, आणि मग पुढच्या ठिकाणाचा विचार करा. तुम्हाला पहिली तीन करायला वेळच मिळाला नाही. ती आठ महिन्यांनीही करता येतात. मी एका कुटुंबाबरोबर हे केलं होतं. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ लावून तिकडच्या शेजारणीने मोबाइल हातात धरून त्यांचं जुनं घर, आवारातलं झाड, शाळेचं फाटक सगळं फिरून दाखवलं. मुलगा प्रत्येक जागेचं नाव घेऊन “क्वाहेरी”, म्हणजे स्वाहिलीत निरोपाचा शब्द, म्हणत होता. आई रडली, वडील बाहेर गेले. त्या रात्री मुलगा कितीतरी दिवसांनी सलग झोपला. तुमच्या मुलीची एखादी मैत्रीण अशी असेल जिच्याशी भांडण होऊन ती निघाली. हळूच विचारून पाहा. दारामागे बऱ्याचदा असंच काहीतरी असतं.

मन पाहण्याआधी शरीर तपासून घ्या, हे मी प्रत्येक कुटुंबाला सांगते आणि तुम्ही परिचारिका असूनही सांगते, कारण घरच्यांच्या बाबतीत आपण पहिल्यांदा चुकतो. किसुमू ज्या व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आहे तिथे हिवताप आहे आणि गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमार्फत पसरणारा बिल्हार्झिया हा जंतांचा आजारही आहे. मुलं त्या पाण्यात खेळली असतील. पोटात दुखणं, थकवा, रक्त कमी होणं अशा तक्रारी असल्या तर नगरचे डॉक्टर बिल्हार्झियाचा विचार करणार नाहीत, कारण इथे तो पाहायलाच मिळत नाही. तुम्हीच सांगा की आम्ही तिथून आलोय, शौचाची आणि लघवीची त्यासाठी तपासणी करा. औषध आहे, अवघड नाही. ताप आला तर आठ महिने झाले म्हणून हिवताप सोडून देऊ नका, रक्त तपासा. मुलीचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही बघून घ्या. मरगळ म्हणून आणलेली दोन मुलं मी अशी पाहिली आहेत ज्यांना समुपदेशनाच्या आधी लोहाच्या गोळ्या हव्या होत्या.

शाळेचा विषय मुलीसाठी तातडीचा आहे, म्हणून जरा सविस्तर. केनियात वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि आपल्याकडे जूनमध्ये. म्हणजे ती तिथलं वर्ष अर्ध्यावर सोडून इथे नववीत बसली. आता पुढे दहावी. राज्य मंडळाच्या शाळेत दहावीला तीन भाषा येतात आणि तिला देवनागरी नीट वाचता येत नसेल, तर वर्षभर रोज दोन भाषांत हरल्यासारखं वाटणार. ती शाळेत रमत असेल, एखादी मैत्रीण झाली असेल, तर तिथेच राहू द्या आणि मराठीसाठी मदत घ्या. पण ती रोज सकाळी पोट दुखतं म्हणत असेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) दहावीचा विचार करा. तिथे विषय निवडता येतात, किमान पाच विषय लागतात, आणि तिचं वय त्यात बसतं. अनेक आईवडिलांना यात कमीपणा वाटतो. मी या मार्गाने गेलेली मुलं पुढे चांगली शिकलेली पाहिली आहेत. निर्णय मात्र तिला सोबत बसवून घ्या. केनिया सोडताना तिला कुणी विचारलं नव्हतं, आता विचारा.

मुलाचं वेगळं आहे. तो नऊ वर्षांचा आहे, मराठी त्याच्या कानावर आहे, जिभेवर यायला वेळ लागेल. शिकवणी लगेच लावू नका. त्याला आजोबांजवळ बसवा. पक्षाघातानंतर आजोबाही शब्द शोधत असतील, तोही शोधतोय. दोघं मिळून शोधू देत. वर्गात हसतात म्हणून मारामारी करतो, तर त्याच्या वर्गशिक्षिकेला भेटून एवढंच सांगा की याला स्वाहिली येते. मग एखाद्या दिवशी तिने त्याला फळ्याजवळ बोलवावं आणि त्याने सांगावं की केनियात दुकानाला ‘दुका’ म्हणतात, हिशेबाला ‘हेसाबू’, विम्याला ‘बिमा’, गाडीला ‘गारी’. वर्गाला हसू येईल, पण या वेळी ते त्याच्यावर नसेल. त्याचा जन्म नैरोबीच्या उच्चायुक्तालयात वर्षाच्या आत नोंदवलेला असेल तर तो कागद जपून ठेवा. परदेशात जन्मलेल्या मुलाच्या नागरिकत्वाला तो लागतो. नोंद राहिली असेल तर ते आत्ताच हाती घ्या, बारावीपर्यंत थांबू नका. बँकेतलं अनिवासी खातंही निवासी करून घ्यावं लागतं. त्यासाठी आणि कराच्या सवलतीसाठी एकदा सनदी लेखापालाकडे जा. यावर मी जास्त लिहीत नाही, तो माझा विषय नाही.

यजमानांबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण मला त्यांची सर्वांत जास्त काळजी वाटते. तिकडे ते ‘म्वालिमू’ होते, शिक्षक. रस्त्याने जाताना लोक थांबून हात मिळवत असतील. इथे चर्चच्या मंडळीत एखाद्या रविवारी त्यांना दहा मिनिटं साक्ष द्यायला सांगितलं असेल, नंतर कुणीतरी सिंह पाहिलात का विचारलं असेल, आणि पुढच्या रविवारी “मग आता काय करता?” असं. ज्याने पाचारण म्हणून आयुष्य वाहिलं त्याला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. तो वडिलांच्या आजारपणासाठी आला, हे सांगताना आपण काम अर्धवट टाकलं असंही त्याला वाटतं. त्यांना व्यासपीठ नको आहे. त्यांना दोन माणसं हवी आहेत जी दोन-दोन तास बसून ऐकतील, फोटो बघतील, जे जमलं नाही तेही ऐकून घेतील आणि मध्ये उपदेश करणार नाहीत. पाळकसाहेबांना तुम्ही हे स्पष्ट सांगा. पाठवणाऱ्या संस्थेलाही विचारा: परतलेल्या कुटुंबाशी बसून सविस्तर बोलण्याची काय व्यवस्था आहे, आणि बस्तान बसेपर्यंत किती महिने मानधन चालू राहील? हे मागणं म्हणजे लोभ नाही. पाठवणी करताना हात ठेवून प्रार्थना केली, तर उतरवून घेतानाही जबाबदारी आहे.

आणि तुम्ही, ताई. त्या मांडवातून उठून आलात ते मला पूर्ण समजतं. ज्या दवाखान्यात एका सलाइनच्या बाटलीसाठी धावपळ केली, तिथून आलेल्या बाईला उष्ट्या ताटांचा ढीग बघवणार नाही. पण त्या रागात एक धोका आहे. हळूहळू इथली माणसं सगळीच उथळ वाटू लागतात आणि आपण एकटे पडतो. राग आला तर तो दाबू नका, त्याच दिवशी लिहून काढा किंवा तिकडच्या एखाद्या सहकारी परिचारिकेला आवाजी निरोप पाठवा. तिला तो कळेल. इथल्या जावेला तो लगेच कळायला हवा असा हट्ट धरू नका. तुमचा परिचारिकेचा अनुभव मात्र घरात पडून राहू देऊ नका. आठवड्यातून दोन दिवस का होईना, कुठल्या तरी दवाखान्यात उभ्या राहा. हाताला ओळखीचं काम मिळालं की मनाला थोडी जागा मिळते.

परत जायचं का, हे आत्ता ठरवू नका. पहिल्या वर्षात ‘जाऊ या’ म्हणणारे बहुतेक जण कामाकडे धावत नसतात, दुःखापासून पळत असतात. दुसऱ्या वर्षी तोच विचार शांतपणे आला, तर तो वेगळा असतो आणि तेव्हा त्यावर प्रार्थना करा, चौघं मिळून बोला.

मुलीच्या बाबतीत एक मर्यादा आखून देते. ती जेवण टाळू लागली, झोप पार बिघडली, अंगावर जखमा दिसल्या किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. रात्री-अपरात्री टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं. प्रार्थना करायचीच, पण डॉक्टर टाळून नाही.

या रविवारी करून बघा असं एक सुचवते. मुलीला म्हणावं, आजीला उगाली, म्हणजे तिकडचा पीठ घोटून केलेला घट्ट गोळा, करून खाऊ घाल. मक्याचं पांढरं पीठ नगरला सहज मिळालं नाही तरी अडत नाही. सरोवराच्या काठी ज्वारीच्या आणि नाचणीच्या पिठाची उगाली करतातच, आणि ही दोन्ही पिठं तुमच्या सासूबाईंच्या डब्यात असणार. आजीला कण्या ढवळायचा हात आहे, आंबील माहीत आहे. उकळत्या पाण्यात पीठ घालून गुठळ्या होऊ न देता किती वेळ घोटायचं, यावर दोघींचा वाद होईल. होऊ द्या. तुम्ही त्या वेळी स्वयंपाकघरात जाऊ नका.